नमस्कार सोडून बाकी सगळं

इंदूरला जाऊन आले असं सांगितलं की नाशिकचे लोक एकच विचारतात, "काय काय खाल्लंत?" तर तेही सांगणार आहे. पोहे, जिलबी, गराडू, दाल-बाफले, सगळं खाल्लं आणि शेवटी पोट धरून बसले. पण मी काही खायला गेले नव्हते. इंदूर माझं माहेर. आई गेली तेव्हा गेले होते, त्याला बरीच वर्षं झाली. त्यानंतर दर दिवाळीला "यंदा काही जमत नाही रे" हे वाक्य मी इतक्या सफाईनं म्हणायचे की धाकट्या भावानं, श्रीकांतनं, बोलावणंच सोडून दिलं होतं. या जानेवारीत मात्र त्याचा फोन आला. "ताई, अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन करतोय. एक्क्याऐंशी चालू आहे त्यांना. तू मोठी बेटी, तुझ्याशिवाय कसं होणार? आ जा ना यार."

अण्णा म्हणजे आमचे वडील. आणि मी वृंदा, नाशिकमध्ये बायकांना गाडी चालवायला शिकवते. स्टिअरिंग हातात आल्यावर रडणाऱ्या, समोर रिक्षा आली की ब्रेक सोडून डोळे मिटणाऱ्या, अशा सगळ्या बायका मी रस्त्यावर आणल्या आहेत. ट्रकवाल्यांशी भांडायला मला मनापासून आवडतं. मला भित्री म्हणणारं माणूस आमच्या गल्लीत सापडणार नाही. पण तो फोन ठेवल्यावर मी ओट्याच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिले, थेट लहानपणी राहायचे तशी. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला असलं काही होणं शोभत नाही, पण झालं खरं.

नाशिकमध्ये मी एका समुपदेशक बाईंकडे जाते. आमच्या घरात याला "वृंदाचा बुधवार" म्हणतात. "झालं गेलं विसरा" असलं काही त्या बाईंनी मला कधी सांगितलं नाही, म्हणूनच मी टिकले. त्या म्हणाल्या, "न जाणंही चालतं, वृंदाताई. आणि जाणार असाल तर तिथे काय करायचं नाही, तेवढं पक्कं ठरवून जा." मी तिथल्या तिथे ठरवलं. अण्णांना ओवाळीन, शाल देईन, फोटोत हसून उभी राहीन. पाया पडणार नाही. एवढं जमलं तर मी जिंकले, असं मनाशी म्हटलं आणि गाडीत हवा भरून घेतली.

खलघाट

धुळं, शिरपूर, मग बिजासनचा घाट. घाट ओलांडून सेंधवा आलं की पाट्या हिंदी होतात आणि पोह्यांवर शेव येते. माझी मुलगी जुई सोबत होती. नुकतीच नोकरीला लागली आहे आणि मला प्रश्न विचारणं हा तिचा दुसरा जॉब आहे. खलघाटाला नर्मदेच्या पुलाजवळ चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "आई, सेंधव्यापासून तू एकाही ट्रकवाल्याला शिवी दिली नाहीस. काय झालंय?"

खाली नर्मदा संथ वाहत होती. काठावर बायका नारळ सोडत होत्या. म्हटलं, सांगावं आता. पोरगी मोठी झाली.

अण्णा मारायचे. ऑफिसातला एक लाकडी रूळ त्यांनी घरी आणला होता, त्यानं. दूध उतू गेलं, गणित चुकलं, दार जोरात आपटलं, निमित्त कुठलंही चालायचं. पण मार संपायचा तरी. मला नंतरचं जास्त लागायचं. मारून झालं की ते खुर्चीत बसायचे, श्वास जाग्यावर आणायचे आणि म्हणायचे, "आता नमस्कार कर. म्हण, चुकले." मी वाकायचे. मग तोच हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणायचे, "शहाणी हो." आई स्वयंपाकघराच्या दारातून खुणावायची, पड बाई पाया, मिटव विषय. विषय मिटायचा. कुकरची शिट्टी व्हायची, सगळे जेवायला बसायचे. माझा मात्र मिटायचा नाही.

आपल्या मराठी घरांत वाकून नमस्कार ही किती साधी गोष्ट आहे. आल्यावर, जाताना, परीक्षेला, सणाला. लोक त्याचा विचारसुद्धा करत नाहीत. माझ्या लग्नात मांडवभर म्हाताऱ्यांच्या पाया पडून झाल्यावर मी मागच्या बाजूला जाऊन ओकले होते. सगळे म्हणाले, पित्त असेल, जागरण झालंय. मीही तेच म्हटलं.

"मग तू आजीच्या पाया कशी पडतेस?" जुईनं विचारलं. आजी म्हणजे माझ्या सासूबाई.

"दात आवळून."

"आणि मला का नाही सांगितलंस कधी?"

"तुला एक आजोबा असावेत म्हणून. फोनवर छान बोलतात ना ते तुझ्याशी."

माझा गार झालेला चहा तिनं मातीत ओतला, दुसरा आणला आणि पुढची गाडी स्वतः चालवायला घेतली. मानपूरचा घाट ती चढवत होती आणि मी शेजारी बसून उगाचच उजवा पाय दाबत होते.

स्कीममधला फ्लॅट

इंदुरात नव्या वस्त्यांना नावं द्यायचा कंटाळा. नुसते स्कीमचे नंबर. श्रीकांत अशाच एका स्कीममध्ये राहतो. आमचं जुनं छत्रीबागेतलं भाड्याचं घर त्यांनी केव्हाच सोडलं. दारात श्रीकांत, त्याची बायको ज्योती आणि मुलगी पीहू असे सगळे उभे होते. मागे अण्णा.

अण्णा लहान झाले होते. एवढी उंची कुठे गेली कोण जाणे. अंगात निळा स्वेटर, डोक्याला कानटोपी. आल्या आल्या, पाणी प्यायच्या आधी वाकायचं ही आमच्या घरची रीत. त्याची तयारी मी केली होती. दोन्ही हातांत द्राक्षांच्या पेट्या, काखेत चिवड्याची पिशवी, खांद्यावर पर्स. "आले हो अण्णा," म्हणत मी त्या सगळ्या लवाजम्यासकट सरळ स्वयंपाकघरात घुसले. मागे जुईनं त्यांचा हात हातात घेऊन हलवला. "हाय आजोबा." ते खूश झाले. पहिला गड मी असा चोरवाटेनं सर केला.

"बस ना ताई," ज्योती म्हणाली. "पहिले खाऊन घे, सब ठंडं होऊन जाईल."

इंदूरचे पोहे म्हणजे आपले पोहे नव्हेत. आपण फोडणीत कांदा परतून कढईतच करतो. इथे ते वाफेवर ठेवलेले असतात, मऊ, पिवळे, किंचित गोड, मध्येच बडीशेप लागते. वर शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जिरावन नावाचा एक चटपटा मसाला. सोबत गरम जिलबी, एकाच घासात दोन्ही. जुईनं आधी नाक मुरडलं आणि मग तिसरी प्लेट मागितली. मी जेवताना पाहिलं, अण्णा पीहूच्या ताटातली जिलबी पळवत होते आणि ती त्यांच्या हातावर चापट मारत होती. त्या घरात अण्णांच्या हातावर चापट. माझा घास तोंडातच राहिला.

राजवाडा आणि छत्रीबाग

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांत आम्हाला राजवाड्याला घेऊन गेला. समारंभासाठी शाल, उपरणं आणि वाती घ्यायच्या होत्या. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत स्कूटर, रिक्षा, हातगाड्या आणि माणसं अशी काही एकमेकांत घुसतात की माझ्यासारख्या मास्तरणीनं रोज एकेकाचं लायसन्स काढून घ्यावं. पण कोणी कोणावर डाफरत नाही. "भिया, जरा साइड में" म्हणतात आणि निघून जातात. तिथे जुईच्या हातून गराडूचा कागदी द्रोण उडाला. गराडू म्हणजे कंद, थंडीत तळून मसाला लावून देतात. द्रोण रस्त्यावर पडला तोच एक स्कूटरवाले काका करकचून थांबले. "बेटा, ये इंदौर है," एवढंच म्हणाले आणि ती तो उचलेपर्यंत हलले नाहीत. शहराच्या स्वच्छतेचा इथे भारी अभिमान. मागे सगळी रहदारी तुंबली, त्यालाही कोणाची हरकत नव्हती. जुई कानापर्यंत लाल झाली.

शालीच्या दुकानात श्रीकांतला मी सांगून टाकलं. "श्री, उद्या मी नमस्कार करणार नाही."

त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तो त्याच घरात वाढला. तरी त्याचा चेहरा उतरला. "ताई, दो सेकंदाचं काम आहे. करून टाक ना. आत्या येणार, माझ्या ऑफिसचे लोक येणार. आणि अण्णा आता बहुत बदलले आहेत, तू पाहिलंस ना."

"पाहिलं. आनंद आहे. पण मला जे अण्णा मिळाले ते बदललेले नव्हते."

तो शालीची घडी उगाच उलगडत राहिला. मग म्हणाला, "मला मार कमी पडला, कारण तू बीचमध्ये येऊन उभी राहायचीस. मला सगळं माहीत आहे. पण मला हा प्रोग्राम नीट व्हायला पाहिजे यार. एक तरी गोष्ट आपल्या घरात नीट व्हायला पाहिजे." त्याचंही खरं होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण हो म्हटलं नाही. आम्ही शाल घेऊन बाहेर पडलो.

तो बाकीची खरेदी उरकायला गेला आणि मी जुईला घेऊन छत्रीबागेत शिरले. अरुंद गल्ल्या, ओट्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, नदीचा जुना ओळखीचा वास. आमच्या घराच्या जागी आता कोणीतरी पार्लर काढलंय. पण शेजारच्या जीजी तिथेच होत्या. जीजी म्हणजे माळव्याकडची मोठी बाई, मसाल्याचा घरगुती धंदा करणारी. माझ्या लहानपणी आमच्या घरातून आवाज यायला लागले की त्या दारात येऊन हाका मारायच्या, "वृंदा ने भेजो, मिरची छाँटनी है." अण्णा बाहेरच्या बाईसमोर आवाज चढवत नसत. मी जाऊन आधीच निवडलेल्या मिरच्या पुन्हा निवडत बसायचे.

लहानपणी एकदा संक्रांतीला मी जीजींच्या पाया पडायला वाकले तर त्या एकदम मागे सरकल्या होत्या. "नी बेटा, छोरी पग नी लगे." त्यांच्यात मुलींनी कोणाच्या पाया पडायचं नसतं, उलट मोठ्यांनी मुलींना मान द्यायचा. मला तेव्हा हे फारच भारी वाटलं होतं. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यांची रीत त्यांच्याकडे." आता जीजी थकल्या आहेत, पण मला ओळखलं. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "डर निकल गया तेरी आँख से." मी म्हटलं, "निकल रहा है, जीजी." डोळे भरून आले माझे, लपवण्यात अर्थ नव्हता.

बाफल्याचं पीठ

दुपारी घरी दिवे करायचे होते. वयाइतके कणकेचे दिवे करून ओवाळायची आपली पद्धत. ज्योतीनं भरपूर पीठ मळून ठेवलं होतं. मी, जुई, पीहू आणि ज्योती जमिनीवर चादर पसरून बसलो आणि भराभर दिवे वळले. परीक्षा म्हणून काही दिव्यांत तूप घातलं, वाती लावल्या. थोड्याच वेळात एकेक दिवा तडकायला लागला. तूप चादरीवर, चादरीतून फरशीवर. पीहूची वेणी तुपात. मी एक दिवा मोडून बोटांत चुरला तर पीठ रव्यासारखं जाडं लागलं.

"ज्योती, हे पीठ कुठलं?"

तिनं डब्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा. बाफल्याचं." दाल-बाफले हे माळव्याचं लाडकं जेवण. त्याचे गोळे खुसखुशीत व्हावेत म्हणून जाडसर दळलेलं पीठ इथल्या प्रत्येक घरात वेगळ्या डब्यात असतं, आणि मराठी घरात कणकेच्या डब्याशेजारीच असतं. त्याचे दिवे करणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. ज्योती हसायला लागली, जुई हसायला लागली.

तेवढ्यात अण्णांच्या खोलीचं दार उघडलं. माझं हसू तिथेच थांबलं. खांदे आपोआप वर चढले, हात चादरीच्या कडेला गेले. तुपानं माखलेली फरशी, फुकट गेलेलं पीठ, हसणाऱ्या बायका. यातल्या एकासाठीसुद्धा पूर्वी रूळ निघायचा. मी पुढे सरकून जुईच्या समोर झाले, का ते मलाच कळलं नाही.

"आजोबा, तिथेच थांबा," पीहू ओरडली. "सब घी घी आहे. पडाल."

अण्णा थांबले. अगदी शाळेतल्या मुलासारखे दाराला धरून थांबले. "मग मी चहाला कसा येऊ?" त्यांनी विचारलं.

"मी आणून देते ना. तुम्ही आत जा."

ते आत गेले. झालं, संपलं. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. मला राग आला, इतका की कानशिलं तापली. पीहूला हा माणूस फुकटात मिळाला होता. मला का नाही मिळाला? या पोरीचा मला हेवा वाटला आणि हेवा वाटल्याचंही वाईट वाटलं. मी बारीक कणीक मळायला घेतली आणि असली मळली की ज्योती म्हणाली, "ताई, बस. दिवे करायचे आहेत, कुस्ती नाही."

कणीक मळता मळता एक मात्र पक्कं झालं. उद्या हॉलमध्ये ऐन वेळी सगळ्यांसमोर सांगायचं नाही. आधी त्यांना सांगायचं, तोंडावर.

गॅलरी

संध्याकाळी अण्णा गॅलरीत बसले होते. समोरच्या मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती. मी शेजारी स्टूल घेऊन बसले. शंभर बायकांना मी सांगितलंय, घाबरलात तरी क्लच हळूच सोडा. मी हळूच सोडला.

"अण्णा, उद्या मी तुम्हाला ओवाळीन. पण पाया पडणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का? गुडघे दुखतात?"

हो म्हणायचा केवढा मोह झाला. श्रीकांतचा प्रोग्राम नीट झाला असता, सगळ्यांनी माझ्या गुडघ्यांना तेलं सुचवली असती. "नाही. गुडघे ठीक आहेत. तुम्ही मारल्यावर मला पाया पडायला लावायचात. चुकले म्हणायला लावायचात. म्हणून नाही पडणार."

त्यांनी नजर मैदानाकडे वळवली. "मला नाही आठवत असलं काही."

"मला आठवतं."

"मारलं असेल एखाद्या वेळी. त्या काळी सगळेच मारायचे."

"एखाद्या वेळी नाही, अण्णा. आणि मी सगळ्यांबद्दल बोलत नाहीये." माझा आवाज कापत होता, पण बंद पडला नाही.

"मग आलीस कशाला?" त्यांनी विचारलं. रागानं नव्हे. खरंच विचारत होते.

"श्रीनं बोलावलं म्हणून. आणि हे तुम्हाला समोर बसून सांगता येतं का, ते बघायला."

त्यांनी कानटोपी खाली ओढली आणि तोंड फिरवलं. मी उठले. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. जुई आत वाट बघत उभी होती. "सांगितलं," म्हटलं. तिनं मला घट्ट धरलं, आणि मी चक्क दोन पोळ्या जास्त जेवले.

हॉल

समारंभ मराठी मंडळाच्या एका हॉलमध्ये होता. इंदूरची जुनी मराठी माणसं बघायची असतील तर अशा हॉलमध्ये बघावीत. आजोबा-पणजोबा संस्थानच्या चाकरीत होते, ते अजून बोलण्यात डोकावतात. "खुर्च्या इधर लगवा दो" असं हिंदीत सांगून झालं की लगेच मराठीत "अहो, बसा ना, उभे का" असं म्हणतात, आणि दोन भाषांमधली भिंत त्यांना दिसतच नाही. नैवेद्याला पुरणपोळी आणि पंगतीला दाल-बाफले, दोन्ही एकाच दिवशी.

अण्णा चौरंगावर बसले. बारीक कणकेचे दिवे मोठ्या परातींत तेवत होते, एकही तडकला नाही. मी, ज्योती, पीहू, जुई आणि देवासहून आलेली कुसुम आत्या, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, सगळ्यांनी मिळून ओवाळलं. दिव्यांच्या उजेडात त्यांचा चेहरा खूप म्हातारा आणि थोडा घाबरलेला दिसला. मी मनापासून ओवाळलं, यात खोटं नाही.

मग गुरुजी म्हणाले, "चला, आता आशीर्वाद. मोठ्या बेटीपासून सुरू करू. या ताई, जल्दी या."

मी जागेवरच उभी राहिले. "मी नमस्कार नाही करत, गुरुजी. पुढच्यांना घ्या."

माझा आवाज गाडी शिकवतानाचा निघाला, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. श्रीकांतनं मान खाली घातली. कुसुम आत्या पुढे आली. "वृंदे, असं काय करतेस गं? आजचा दिवस आहे. बाप आहे तुझा. वाक जरा."

अण्णांनी हात वर केला. माझे खांदे पुन्हा चढले, शरीराला अजून सगळं कळलेलं नाही. पण तो हात आत्याला थांबवायला होता.

"राहू दे, कुसुम," ते म्हणाले. "तिनं मला सांगितलंय. तिला कारण आहे."

आत्या मागे सरकली. गुरुजींनी घसा साफ केला आणि श्रीकांतला पुढे बोलावलं. श्रीकांत वाकला, ज्योती वाकली, रांग सुरू झाली. मी बाजूला सरळ उभी होते आणि छत कोसळलं नव्हतं. मला तिथे रडू आलं असतं तर बघणाऱ्यांना बरं वाटलं असतं. मला भूक लागली. तुपात बुडवलेले बाफले, वर आंबट वरण, चुरम्याचे लाडू, असं मी हादडलं, आणि दुसऱ्या दिवशीचा निम्मा वेळ पोट धरून झोपून काढला. इंदूरकरांना याचंही कौतुक. ज्योती म्हणाली, "पोट बिघडलं म्हणजे इंदूर लागू पडलं."

निघताना

निघायच्या सकाळी पुन्हा पोहे. सगळे टेबलाशी होतो. पीहू समारंभापासून काहीतरी मनात घेऊन फिरत होती, ते तिनं आता काढलं.

"आजोबा, वृंदाआत्याला काय कारण होतं?"

ज्योतीचा झारा थांबला. श्रीकांत म्हणाला, "पीहू, चुपचाप खा." प्रश्न मला नव्हता. अण्णांना हवं ते सांगता आलं असतं, आणि आठवत नाही हे तर तयारच होतं.

अण्णांनी चमचा खाली ठेवला. "मी तिला फार मारायचो," ते म्हणाले. "तुझ्याएवढी होती तेव्हा."

"क्यों?"

त्यांनी बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "काही कारण नव्हतं."

दूध, गणित, दार. इतकी वर्षं मी कारणं मोजत होते. कुठेतरी मला वाटायचं की आणखी थोडी शहाणी असते तर चुकलं नसतं. त्यांनी माफी मागितली नाही, आणि मी माफ केलं असंही नाही. पण त्या एका वाक्यानं माझ्या अंगावरचं काहीतरी काढून त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं, पोरीच्या देखत. पीहू उठली आणि माझ्या खुर्चीला येऊन टेकली. आता मात्र मी रडले, पोह्यांच्या बशीवरच, आणि कोणी मला गप्प केलं नाही.

सामान गाडीत चढलं. श्रीकांतनं डिकीत शेव आणि जिरावनाची पाकिटं कोंबली आणि जाता जाता कानाशी म्हणाला, "ताई, प्रोग्राम नीटच झाला." अण्णा काठी टेकत खाली फाटकापर्यंत आले. मी वाकले नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही.

"परत येशील?" त्यांनी विचारलं.

त्या माणसाच्या प्रश्नाला माझ्या तोंडून आयुष्यभर एकच उत्तर निघत आलं, हो अण्णा. विचार करायच्या आत निघायचं. या वेळी मी विचार केला. ते थांबले होते, घाई करत नव्हते.

"बघते," मी म्हटलं.

"बघ," ते म्हणाले.

जुईनं गाडी काढली. वळणापर्यंत ते फाटकात उभे होते. मी काच खाली करून हात हलवला. कोणी सांगितलं नव्हतं, मला हलवावासा वाटला म्हणून.